कारवीच्या दिवसांतलं गाऱ्हाणं

परवा शैलाचा निरोप आला, "कारवी फुललीय. येतेस का?" खाली फोटो. डोंगराच्या उतारावर कुणी जांभळी चादर वाळत घातली असावी, तसा. शैला माझी कॉलेजातली मैत्रीण. आता तिचे दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण डोंगराचं नाव काढलं की ही बाई सगळी दुखणी विसरते. मी "बघू" असं कळवलं. माझ्या "बघू"चा अर्थ "नाही" असा होतो हे तिला केव्हाच कळून चुकलंय. मागच्या खेपेला मी "बघू"च म्हटलं होतं, आणि त्याच्या मागच्या खेपेलाही.

कारवीची खेप सात-आठ वर्षांनी येते. मधल्या काळात ती डोंगरावर नुसती उभी असते. खरखरीत पानं, पुरुषभर उंची, कुणी ढुंकून बघत नाही. मग एका वर्षी पाऊस सरता सरता सगळ्या डोंगराचं एकदम ठरतं. झाडून साऱ्या कारव्या फुलतात, मधमाश्यांची चंगळ होते, आणि फुलून झालं की ती झुडपं वाळून जातात. उन्हाळ्यात सुकी बोंडं तडतडतात, बी उडतं, आणि पुन्हा कित्येक वर्षं सामसूम. लोकांना याचं कोण अप्रूप! आता तर म्हणे आधी नाव नोंदवून जावं लागतं आणि माहिती सांगायला माणूसही मिळतो. मला मात्र कारवी म्हटलं की आधी कान गरम होतात.

लाजेचं एक वाईट असतं. चूक केली असेल तर माणूस माफी मागतो, शिव्या खातो आणि मोकळा होतो. पण जिथे कुणीच कुणाचं वाकडं केलेलं नसतं, तिथली लाज कुणाकडे नेऊन द्यायची? ती घरातच राहते, जुन्या पितळी भांड्यांसारखी. वापरात नाही, आणि मोडीत घालायलाही मन होत नाही.

ऐंशीच्या दशकातली ती कारवी. आम्ही घाटकोपरला, डोंगराच्या अंगावर चढत गेलेल्या चाळींपैकी एकीत राहायचो. मी मुलुंडच्या एका कॉलेजात विज्ञान शाखेला होते. तिथे डोंगर हिंडणारं एक टोळकं होतं, त्याचा पुढारी दीपक. शैलाने मला त्यात ओढलं. मुलं-मुली मिळून रानात जातात हे घरी सांगितलं असतं तर माझी वाट लागली असती. म्हणून रविवारी सकाळी मी "जादा प्रॅक्टिकल आहे" असं सांगून निघायची.

"रविवारचांय?" आई विचारायची.

"सायन्साक आसता."

सायन्सला काय काय असतं हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे सायन्सने माझी बरीच पापं झाकली.

मुलुंडला पश्चिमेकडे वस्ती संपते तिथून आमची वाट चढायची. शहराला पाणी नेणारे ते अजस्र नळ ओलांडले की इथे मुंबई संपली असं वाटायचं, आणि नेमकी तिथेच मुंबई भलत्या वेशात भेटायची. पुढे मी मोठमोठे डोंगर पाहिले, किल्ले पाहिले, पण त्या वाटेवर जे दिसलं ते कुठे दिसलं नाही. करवंदीच्या जाळीमागे एकदा चक्क शाळेतला बाक सापडला. एक पाय मोडलेला, त्याखाली दगड दिलेला. दहावीच्या अभ्यासासाठी खालच्या वस्तीतलं कुणीतरी तो डोक्यावरून एवढा वर घेऊन आलं असणार, कारण बाकावर कर्कटकाने कोरून ठेवलं होतं, "येथे गोंगाट करू नये." आम्ही खरोखरच तिथे कुजबुजत बोललो. थोडं पुढे एका ऐनाच्या खोडाला दाढीचा आरसा ठोकलेला होता. माणूस नाही, वाटी नाही, ब्रश नाही. नुसता आरसा, आणि त्यात समोरचा सगळा डोंगर. शैलाने त्यात बघून वेणी नीट केली. एका झुडपावर मुंडावळ्या लोंबत होत्या, एक-दोन नव्हे, कितीतरी लग्नांच्या, पावसाने रंग उडालेल्या. आणि कारवीच्या दोन झुडपांमध्ये तळहाताएवढे मोठे कोळी, त्यांच्या जाळ्याचे धागे उन्हात पिवळे झगझगीत दिसायचे. दीपक त्या धाग्याला बोटाने छेडायचा आणि म्हणायचा, "यार, तुटत नाही बघ."

एका खडकावर एक आजोबा ट्रान्झिस्टर घेऊन बसलेले असायचे. त्यांनी एक तार काढून झाडाला बांधली होती. खाली वस्तीत लागत नाही ते कोकणातलं रेडिओ स्टेशन इथे वर लागतं, असं त्यांचं म्हणणं. "काय ऐकता आजोबा?" दीपकने विचारलं.

"गावचो पाऊस," ते म्हणाले.

पुढे आठवडाभर दीपक काहीही विचारलं की "गावचो पाऊस" म्हणायचा आणि सगळे खिदळायचे. मीही खिदळायची. घरी आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी, तीच बोली बोलायचो. पण कॉलेजात माझ्या तोंडून चुकून "माका" निसटलं तर मी खोकल्याचं सोंग करायची. मालवणी ही बाहेर पडताना घराच्या उंबरठ्याआत काढून ठेवायची चप्पल आहे अशी माझी समजूत होती. त्या वयात आपण किती गोष्टींची लाज बाळगतो! डब्यातल्या सुक्या जवळ्याची, आईच्या नऊवारीची, पत्त्यात "चाळ" लिहायची. लाज हे जणू तारुण्याचं मोठं काम असतं, दिवसभर पुरतं.

बाबांच्या कंपनीला त्या वर्षी टाळं लागलं होतं. पत्र्याचे डबे बनवायची कंपनी. मालक आणि कामगार दोघेही हटून बसले आणि फाटकाबाहेर मांडव पडला. आमच्या चाळीतले बरेचजण तेव्हा दिवसभर ओट्यावर बसून असायचे. बाबा मात्र बसले नाहीत. महिनाभरातच त्यांनी घरी सांगितलं, मुलुंडला एका रंगाच्या कारखान्यात चिकटलो. छोटी शेड आहे, पण मालक बरा आहे. दुपारचं जेवण तिथेच मिळतं, डबा नको. सुट्टी सोमवारी. रविवारी सुट्टी कशी नाही, असं आईने विचारलं तर म्हणाले, रविवारीच माल जास्त निघतो.

आणि ते खरंच रोज संध्याकाळी नखांत केशरी रंग घेऊन यायचे. मोरीत बसून घासायचे, तरी नखांच्या कडा तशाच राहायच्या. पैसेही द्यायचे आईच्या हातात, थोडे, बरेचसे सुटे. दुसरी नवल करण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या मोसमात आमच्या घरी नारळ फार आला. ज्या घरात पगार बंद, त्या घरात दर दोन दिवसांनी नारळ. बाबा म्हणायचे, कारखान्यात रोज पूजा असते, मालक धार्मिक आहे. आई खवत बसायची. वड्या झाल्या, सोलकढी झाली, प्रत्येक भाजीवर खोबरं पडलं. शेजारच्या मावशी म्हणाल्यासुद्धा, "तुमचां बरां चल्लांहा बाई." आई हसायची. त्या हसण्याकडे मी तेव्हा नीट पाहिलं नाही.

तो रविवार कारवी ऐन भरात असतानाचा. वाट दोन्हीकडून जांभळी झालेली, डोक्यावर फुलं टेकत होती, अंगाला मधाचा वास लागत होता. त्या दिवशी डोंगरावर माणसंही खूप. खालच्या वस्तीतली, चाळींतली, पोराबाळांना घेऊन आलेली. पावसाळाभर आम्ही इतक्या वर आलो नव्हतो. वळणावर घंटा वाजली.

"अरे, इथे मंदिर कधी झालं?" दीपक म्हणाला.

मंदिर नव्हतंच. एका जुन्या झाडाच्या बुंध्याशी दगड होता, शेंदूर माखलेला, ओला चकचकीत. त्याच्यावर कारवीच्या फुलांची माळ, पुढे उदबत्ती आणि फांदीला टांगलेली छोटी घंटा. दगडाशेजारी एक माणूस मांडी घालून बसला होता. अंगात बनियन, खांद्यावर पंचा, कपाळाला शेंदराचा आडवा पट्टा. पुढ्यात अर्धा पाव कागदावर ठेवलेला. त्याने बोटं पंचाला पुसली आणि मान वर केली.

ते बाबा होते.

मला आधी त्यांची बोटं दिसली आणि मग तोंड. नखांत तोच केशरी रंग. क्षणभर मला वाटलं कारखान्याला जेवणाची सुट्टी झाली असेल आणि बाबा इथे देवाला आले असतील. माणूस किती पटकन आपल्या माणसाची बाजू घेतो! मग ते सगळं नीट जुळलं, नारळ, सोमवार, सुटे पैसे. तोंडातून "बाबा" यायला निघालेला शब्द तिथेच अडकला. कारण मी तरी कुठे प्रॅक्टिकलला होते?

बाबांनीही मला पाहिलं. पायातले कॅनव्हासचे बूट पाहिले, शेजारी उभा असलेला दीपक पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. ते सगळ्यांकडे बघून म्हणाले, "खंयसून इलात पोरांनू?"

टोळक्यात खसखस पिकली. दीपक मला ढोसत म्हणाला, "तू पण कोकणातली ना? तुला कळतं ना हे? विचार ना, हा कुठला देव?"

"हिला येतं तुमचं बोलणं," शैला बाबांना म्हणाली.

"व्हय?" बाबा म्हणाले. "नाव काय गो बाये तुझां?"

"सुनंदा," मी म्हटलं.

"बरां आसा नाव."

ते त्यांनीच ठेवलेलं होतं. बारशाला आत्या दुसरं सुचवत होती, तर ते तिच्याशी भांडले होते, हे मी लहानपणापासून ऐकत आलेली. आता ते त्या नावाला अनोळखी माणसासारखं बरं म्हणत होते. मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. आणि त्यांना काय वाटलं असेल? मी जन्मभर हा प्रश्न स्वतःला विचारला, त्यांना कधी विचारू शकले नाही.

"हा राखणदार," बाबा म्हणाले. "डोंगराचो. वाटसरूंका सांभाळता. गाऱ्हाणां घालू काय?"

"काय म्हणतायत?" दीपकने विचारलं.

मी बाबांचं मराठीतून मराठीत भाषांतर करून सांगितलं. म्हणाले, हा वाट राखणारा देव आहे. ते आपल्यासाठी गाऱ्हाणं घालतील. म्हणजे देवाला मोठ्याने सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला आपण "होय म्हाराजा" म्हणायचं. गप्प राहायचं नसतं, नाहीतर गाऱ्हाणं लागत नाही.

"झकास," दीपक म्हणाला, आणि सगळ्यांनी बूट काढले.

बाबा उभे राहिले. गावी होळीच्या मांडावर, सगळा गाव जमतो त्या जागी, गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा होता, त्यामुळे त्यांचा आवाज मला ठाऊक होता. तो तसाच निघाला, छातीतून.

"बा देवा म्हाराजा! ह्या डोंगराच्या, बारा वाटांच्या राखणदारा! आज ही लेकरां तुझ्या पायांकडे इली आसत."

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले. हसू दाबत, पण ओरडले.

"तेंका काट्याकुट्यातसून, सरपटणाऱ्यातसून सांभाळ."

"होय म्हाराजा!"

"तेंच्या अभ्यासाक येश दी."

"होय म्हाराजा!"

"कोण घराक सांगान इला आसात, कोण न सांगता इला आसात. तेंच्यार राग धरू नको."

"होय म्हाराजा!" मी म्हटलं. माझे कान तापले होते.

बाबा थांबले. मग डोळे दगडावरच ठेवून, थोड्या हळू आवाजात म्हणाले, "आणि जेचो बापूस पोटासाठी खंय काय करीत आसात, तेचीय लाज राख रे म्हाराजा."

बाकीच्यांनी सवयीने "होय म्हाराजा" म्हटलं. मीही म्हटलं. जन्मात मी एवढं खरं काही बोलले नसेन.

"शेवटी काय म्हणाला गं?" वाटेवर लागल्यावर शैलाने विचारलं.

"सगळ्यांना सांभाळ म्हणाले," मी सांगितलं. एकेरी उल्लेखाने मला टोचलं आणि मी "म्हणाले" वर जरा जोर दिला. तेवढाच माझा पराक्रम.

पुढच्या वाटेवरची कारवी मला दिसली नाही. दीपक फोटो काढत होता, मी त्यात हसले असेन. मनात एकच घोळत होतं, हे आईला कळता कामा नये. बाबा घरात चारच शब्द बोलणारे, पण चाळीत त्यांना मान होता. कुणाच्या घरचं भांडण असो, त्यांना बोलवायचे. दगडाला शेंदूर फासून बसलेला माणूस म्हणून ते घरात उभे राहिले असते, तर पुन्हा ताठ उभे राहिले असते का? मी दुसऱ्यांच्या डोळ्यांनी बाबांकडे बघत होते आणि तसं बघतेय म्हणून स्वतःवर चिडत होते. देवाच्या नावावर लोकांना फसवणारा म्हणून मला त्यांचा राग यायला हवा होता. राग आला नाही, नुसती लाज आली. त्यांची, माझी, त्या अर्ध्या पावाची.

पुढे कितीतरी वर्षांनी, मी लेकुरवाळी झाल्यावर, बाबांनी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. कारखाना कुठला नव्हताच. आठ-दहा ठिकाणी विचारलं, कुणी उभं केलं नाही. चाळीच्या ओट्यावर बसवत नव्हतं, म्हणून ते डोंगरावर जाऊन बसायचे. कारव्या बघून गाव आठवायचं. आमच्या गावच्या घराचे कूड कारवीचेच होते, वर माती लिंपलेले. एक दिवस त्या झाडाखाली बसले असताना, एकटेच आहोत असं समजून, त्यांनी दगडापुढे स्वतःच्या नोकरीसाठी मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. मागे एक कुटुंब येऊन उभं राहिलं होतं. त्यांनी हात जोडले, "होय म्हाराजा" म्हटलं आणि दगडापुढे पैसे ठेवून गेले. कोकणातलीच माणसं ती. दुसऱ्या दिवशी बाबांनी शेंदूर नेला.

"देव खोटो नाय होतो," ते म्हणाले. "गाऱ्हाणांय खोटां नाय. मी तेवढो खोटो."

मी त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला.

त्या रविवारी संध्याकाळी बाबा नेहमीच्या वेळी घरी आले. कपाळ स्वच्छ, अंगात शर्ट. मोरीत हातपाय धुतले. आई खोबरं खवत होती. बाबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि मला विचारलं, "प्रॅक्टिकल कसा झाला?"

"बरां झाला," मी म्हटलं. "तुमचां काम?"

"चल्ता."

तेरी भी चूप, मेरी भी चूप. आई विळीवरून मान वर न काढता खवत राहिली. इतक्या वेगाने ती कधी खवत नसे.

पुढच्या शनिवारी ती धुण्याला बसली होती. मला हाक मारून म्हणाली, "हय ये. बघ." बाबांच्या पॅंटच्या आणि माझ्या सलवारच्या खालच्या कडा तिने शेजारी-शेजारी धरल्या होत्या. दोन्हींना कुसळं टोचलेली, रानगवताची, तीच लांब तपकिरी.

"एकाच डोंगराची कुसळां," आई म्हणाली. "बापाक कारखानो आणि लेकीक प्रॅक्टिकल!"

ती बाबांच्या शर्टाची बाही चोळत म्हणाली, "रंग रॉकेलान जाता गो. ह्यो जायना. तेलान उतरता. शेंदूर आणि रंग माका कळना नाय असा तेंका वाटता काय? पयल्याच दिवशी कळला."

"मगे तू कित्याक बोलाक नाय?"

"काय बोलतलंय? तेंनी एवढ्या मेहनतीन रचल्यानी, आणि मी मोडू?" ती बाही पिळू लागली. "सांगू नको तेंका. लाजान मरतीत." मग मी तिला डोंगरावरचं सगळं सांगितलं, दगड, घंटा, कागदावरचा अर्धा पाव.

म्हणजे घरात तीन माणसं, आणि तिघंही एकमेकांची लाज झाकत बसलेली. मला त्या क्षणी हसू आलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी पहाटे मी उठले तेव्हा आईने घावणे घातले होते आणि काळ्या वाटाण्यांची उसळ केली होती, खोबऱ्याचं वाटण लावून. ती म्हणाली, "पावार दिवस काढतत. ह्यां घेवन जा. देवाक निवेद म्हणान ठेव."

मी फळीवरचा स्टीलचा डबा काढायला गेले.

"डबो नको. डब्यार तेंचां नाव आसा."

तिने सगळं केळीच्या पानात बांधलं, वर दोरा गुंडाळला. बायका नवऱ्याला डबा बांधतात तेव्हा त्यात लपवण्यासारखं काय असतं? ती मात्र चोरीचा माल बांधावा तशी बांधत होती.

डोंगरावर कारवी उतरणीला लागली होती. फुलं वाटेवर पडून तुडवली जात होती. टोळकं बरोबर होतंच. दगडापाशी आल्यावर मी पिशवीतून पान काढून पुढे ठेवलं.

"अरे वा, तू कधीपासून भक्त झालीस?" दीपक म्हणाला.

"आईने दिलाय नैवेद्य," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

बाबांनी पान हातात घेतलं. उसळीचा वास पानाआडूनही येत होता. आमच्याकडे वाटणात आई एक चिमूट जास्त मिरी घालते, आणि बाबा रोज त्यावरून कुरकुरायचे. त्यांनी पानावरची गाठ बघितली, तिच्यावर अंगठा ठेवला. मग ते पान दगडापुढे ठेवून उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"बा देवा म्हाराजा! जेणा माउलीन ह्यां रांधून धाडल्यान, तिची सेवा मानून घे."

"होय म्हाराजा!"

"तिच्या हाताक येश दी."

"होय म्हाराजा!"

"तिच्या चुलीक कधी उणां पडांदे नको."

"होय म्हाराजा!"

"आणि तिच्या कुकवाक..."

बाईसाठी गाऱ्हाणं घालायचं तर त्यात हे येतंच. तिच्या कुंकवाला सांभाळ, म्हणजे तिच्या नवऱ्याला सांभाळ. हे वाक्य बाबांनी आयुष्यात शेकडो बायांसाठी म्हटलं असेल, झोपेतसुद्धा म्हटलं असतं. तिथे ते अडले. स्वतःसाठी मागायचं, ते बायकोच्या नैवेद्यावर, आणि लेकीसमोर. झाडाच्या फांदीवरची घंटा वाऱ्याने जराशी वाजली.

"विसरला वाटतं," दीपक कुजबुजला.

मी वाक्य पुरं व्हायची वाट पाहिली नाही. "होय म्हाराजा!" मोठ्याने म्हटलं. मग शैलाने म्हटलं, मग सगळ्यांनी. बाबांनी पंचा तोंडावरून फिरवला आणि खाली बसले.

आम्ही पुढे निघालो. वळणावरून मी मागे पाहिलं. ते आमच्याकडे पाठ करून, दगडाकडे तोंड करून घावणे खात होते, घाईघाईने, बराच वेळ उपाशी असलेल्या माणसासारखे.

त्या संध्याकाळी बाबा अंधार पडायच्या आधीच आले. शर्टाची एक बाही केशरी होती, त्यांनी ती लपवली नाही. आम्ही जेवायला बसलो, तिघंही, मधे भाताचं पातेलं. बाहेर चाळीतली पोरं क्रिकेटवरून भांडत होती. बाबांनी दोन घास घेतले आणि ताटाकडे बघत म्हणाले, "मुलुंडाक कारखानो नाय गो."

"म्हायत आसा," आई म्हणाली. "उसळ उरली हा सकाळची. वाढू?"

बाबांनी मान वर केली नाही. नुसतं ताट पुढे केलं.